कल्याणचं माहेर

कल्याणला स्टेशनसमोरच्या एका लॉजवर आम्ही दोघं नवरा-बायको सात दिवस राहिलो होतो. गावात हे अजून कोणाला माहीत नाही. लेकीकडे गेलो होतो, एवढंच सांगितलं. उतरलात कुठं, असं कोणी विचारलं की हे लगेच बोलणं भातावर नेत.

माझी जाऊ म्हणते, लॉजवर दोनच तऱ्हेची माणसं जातात. एक, ज्यांना घर नाही. दुसरी, ज्यांना घरात तोंड दाखवता येत नाही. आम्ही तिसऱ्या तऱ्हेचे होतो. आमची लेक भांडुपला दिली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि अजून मूल नव्हतं. आमच्यात लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. जेवणाचं आणि मुक्कामाचं नावच नको. पुष्कळांनी हे आता सोडलं आहे. ह्यांनी सोडलेलं नव्हतं. त्यांच्या वडलांनी आत्याबाईंच्या, म्हणजे ह्यांच्या बहिणीच्या, दारात उन्हात उभं राहून नुसती चौकशी केली आणि तसेच परत फिरले, ही गोष्ट आमच्या घरात कौतुकाने सांगतात. आत्याबाईंना त्यावर काय वाटलं, ते मी कधी ऐकलं नाही.

लेक दोन दिवाळ्यांना आली नव्हती. पहिल्या दिवाळीच्या आधी तिची सासू नळावर घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून सासू खाटेवर. जावई कंपनीत रात्रपाळीला. मग पोरीला पाठवायचं कसं, असं त्यांचं म्हणणं आलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पत्र महिन्याला यायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पत्र मला वाचता येतं. सासूबाईंचा पाय, नवऱ्याची ड्यूटी, नळाची वेळ, शेजारणीच्या मुलाचा दहावीचा नंबर, सगळं असायचं. शेवटी ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’. दर महिन्याला तेच शब्द, त्याच जागी. मला वाटायला लागलं की हे ती न बघता लिहिते.

ती सुखात आहे का, एवढंच मला तिला विचारायचं होतं. पत्रात विचारायची सोय नव्हती, कारण पत्र घरात सगळेच वाचतात.

भात झोडून घरात आलं तेव्हा मी ह्यांना म्हणाले, जाऊन येऊ. हे म्हणाले, उतरायचं कुठं? मुंबईत भावकी आहे, पण लेकीच्या गावात जाऊन दुसऱ्याकडे उतरायचं म्हणजे तिच्या सासरची नाचक्की. दोन दिवस विचार करून त्यांनी ठरवलं की कल्याणला लॉजवर राहायचं. माळशेज उतरून एसटी तिथवरच जाते, आणि कल्याण म्हणजे काही मुंबई नव्हे. तेव्हा नाचक्कीही होत नाही. ह्यांचा हिशेब असा असतो. गुरं जावेवर सोपवली, भाकऱ्या, शेंगांची चटणी आणि लेकीसाठी दोन पायल्या तांदूळ बांधून घेतला आणि निघालो.

लॉजचे मॅनेजर आमच्या जुन्नरचे निघाले. पेठेतले मुसलमान, साठीच्या घरातले. गाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे नीट पाहिलं. “घाटघरच्या वाटंवरचं का? माझे वडील तिकडं हिरडा घ्यायला यायचे, राव.” एवढी ओळख निघूनही वहीत नाव, वय, गाव सगळं लिहून घेतलं. कारण काय लिहू, असं विचारलं. हे म्हणाले, काम. मग नियम सांगितले. खोलीत स्टो पेटवायचा नाही, कपडे खिडकीत वाळत टाकायचे नाहीत आणि बाहेरचं माणूस खोलीत आणायचं नाही. मी पदर पुढे ओढला आणि ह्यांच्या मागे जिना चढले.

खोलीत दोन खाटा, एक पंखा आणि भिंतीवर एक आरसा होता. आरसा इतका वर लावला होता की त्यात फक्त ह्यांचं टोपीपासून कपाळापर्यंतचं तोंड दिसायचं.

सकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. हे पुरुषांच्या डब्यात चढले आणि मला बायकांच्या डब्यात चढवलं. ठरलं असं, की ठाणं आलं की सावध व्हायचं, पुढे मुलुंड आणि त्याच्यापुढे आपलं. मधलं नाहूर नंतर झालं. उतरल्यावर मी जागची हलायचं नाही, हे येऊन मला घेतील. मी खिडकीशी बसून प्रत्येक पाटी मनात वाचली. मुंब्र्याला डोंगर अगदी रुळाजवळ येतो. तेवढा एक मला ओळखीचा वाटला.

लेकीचं घर टेकाडावरच्या चाळीत होतं. एकच खोली. खाली सासूची खाट, वर फळ्यांचा माळा, माळ्यावर रात्रपाळी करून आलेले जावई झोपलेले. त्यामुळे सगळ्यांनी हळू बोलायचं. विहीणबाई सोडून. त्या मूळच्या आमच्या बाजूच्याच, आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीच्या. पडून असल्या तरी आवाज उभा होता.

लेक पाण्याचे दोन पेले घेऊन आली. हे म्हणाले, नको, आत्ताच स्टेशनवर प्यालो. चहाला नको म्हणाले. विहीणबाईंना कळलं.

“व्याही, हितलं पाणी कुनाच्या घरचं नस्तं,” त्या म्हणाल्या. “नळ म्युन्सिपाल्टीचा हाय. घ्या निवांत.”

ह्यांनी विचार केला. “पाणी म्युन्सिपाल्टीचं, पण पेला तुमचा.”

“मग वंजळीनं प्या.”

“वंजळीत वतणार कोण? लेकच ना.”

विहीणबाई हसल्या आणि हसताना पाय दुखला म्हणून कण्हल्या. लेक लगेच उठून त्यांची उशी सारखी करायला गेली. आम्ही दोन तास बसलो. लेक आमच्यासमोर चार वेळा बसली आणि चार वेळा उठली. ती बारीक झाली होती, पण आमच्याकडच्या सगळ्याच मुली मुंबईला बारीक होतात, त्यावरून काही कळत नाही. परत जाताना भांडुपच्या फलाटावर आम्ही नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यालो आणि बाकावर बसून भाकरी खाल्ली. हे म्हणाले, फलाट सरकारचा आहे.

दुसऱ्या दिवशीही तसंच. नळाची वेळ होती म्हणून मी हंडा घेऊन लेकीबरोबर बाहेर पडले. वाटलं, आता विचारावं. पण रांगेत बारा बायका होत्या. सगळ्यांनी मला नीट बघून घेतलं आणि एकीने सांगितलं की मायलेकींची हनुवटी सारखी आहे. मग हंडा भरला.

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत मी ह्यांना म्हणाले, “तिला हितं आणू.”

“हितं कुठं?”

“माहेरी.”

हे खोलीकडे बघायला लागले. दोन खाटा, पंखा, वरचा आरसा. “अगं, ह्याला काय माहेर म्हणत्यात का?”

“माहेर म्हंजे काय भिंती असत्यात? आई-बाप जिथं हायेत ते माहेर.”

आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि इतकं मी त्यांना एका दमात कधी बोलले नव्हते. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, पुन्हा घेतली, पुन्हा लावली. मग म्हणाले, “न्यायचं तर रीतीनं न्यायला पायजे.”

रीत म्हणजे मुराळी. लेकीला माहेरी न्यायला भाऊ नाहीतर बाप जातो, सासूपुढे बसून परवानगी मागतो, सासू आधी दोनदा नाही म्हणते आणि तिसऱ्यांदा दिवस ठरवून देते. तिसऱ्या दिवशी हे धुतलेलं धोतर नेसून, भांडुपच्या बाजारातून नारळ घेऊन विहीणबाईंच्या खाटेशी बसले. घसा खाकरून म्हणाले, लेकीला माहेरी न्यायला आलोय.

विहीणबाई म्हणाल्या, या पायाची असली दशा, कशी पाठवू? हे एकदा झालं. म्हणाल्या, घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. हे दोनदा झालं. मग त्यांनी विचारलं, “किती दिस नेताय?”

“सांज व्हायच्या आत आणून सोडतो.”

“जुन्नरला जाऊन?”

“न्हाई. कल्याणला.”

“कल्याणला कोण हाय तुमचं?”

“आमीच हाय,” हे म्हणाले. “टेसनासमोर.”

विहीणबाई जरा वेळ माळ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. त्या लेकीला म्हणाल्या, “ते मोरपंखी लुगडं नेस. माहेरी असं घरातल्या पातळावर जात्यात का?” मग शेजारणीला हाक मारून दिवसभर बसायला सांगितलं, आणि लेकीने माझी ओटी भरली नाही म्हणून लेकीवर ओरडल्या. जावई माळ्यावरून डोकं काढून काय झालं विचारायला लागले. विहीणबाई म्हणाल्या, तू झोप, तुझी बायको माहेरी चाललीय.

गाडीत आम्ही दोघी बायकांच्या डब्यात. हे पलीकडच्या डब्यात. दुपारची वेळ, मुंबईहून बाहेर जाणारी गाडी, डबा अर्धा रिकामा. समोर एक कोळीण टोपली पायाशी ठेवून डुलत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघीच होतो. मुलुंडला मी ठरवलं की गाडी सुटली की विचारायचं. मग म्हटलं, ठाण्याला पुष्कळ बायका उतरतात, त्यानंतर विचारू. ठाणं गेलं. मी घसा साफ केला. दोनदा केला. कळवा आलं तेव्हा लेकीचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं होतं. मुंब्र्याचा डोंगर आला आणि गेला. कल्याण आल्यावर मी तिला उठवलं.

लॉजवर मॅनेजरांनी वही पुढे घेतली. “बाहेरचं माणूस चालत न्हाई, सांगितलं व्हतं ना पावणं?”

हे खाली बघून म्हणाले, “बाहेरचं न्हाई. लेक हाय.”

मॅनेजरांनी चष्मा काढून तिघांकडे पाहिलं. मग चष्मा लावून आमच्या नावांखाली तिचं नाव लिहिलं. “माहेरपणाला आलीय म्हना की. असं सांगायचं ना आदीच.” आणि खालच्या उपाहारगृहातून वर दही पाठवून दिलं.

मी सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी जेवण, मग डोक्याला तेल, मग वेणी घालता घालता विचारायचं. वेणी घालताना तोंड दिसत नाही, त्यामुळे दोघींना सोपं जातं. ती भाकरी, चटणी आणि दही जेवली. पाणी प्यायली. तेलाची बाटली पिशवीतून काढायला मी वळले आणि परत बघते तर ती खाटेवर आडवी होऊन झोपली होती. लुगड्याच्या निऱ्याही मोडल्या नव्हत्या.

हे बाहेर जाऊन दारापाशी स्टूल टाकून बसले. कोणी जिना वाजवत चढलं की बोट ओठांवर ठेवायचे. एक फिरता विक्रेता त्यांच्यावर चिडला. हे त्याला म्हणाले, लेक माहेरी आलीय, निजलीय. तो पायातली चप्पल हातात घेऊन आपल्या खोलीत गेला.

मी तिच्याकडे बघत बसले. लहान असताना ती एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. आता सरळ झोपली होती, एक हात खाटेच्या बाहेर लोंबत. मधेच तो हात उठायचा, हवेत काहीतरी सारखं करायचा आणि पुन्हा खाली पडायचा. चौथ्यांदा हात उठला तेव्हा मला कळलं की ती विहीणबाईंची उशी सारखी करते आहे.

साडेतीनला तिला उठवावं लागलं. ती घाबरून उठली आणि म्हणाली, “आले, आले.” मग मला ओळखलं. तेल राहिलं, वेणी राहिली. आम्ही तिला भांडुपला पोचवून परत आलो.

रात्री मी ह्यांना सांगितलं की उद्यापासून मी तिकडे जाते आणि ती इकडे येईल.

“म्हंजे काय करणार?”

“मी तिथलं करीन. ती हितं झोपंल.”

“अन् पाणी?”

“कळशीतून घरचं नेईन.” घरचं म्हणजे लॉजचं. हे त्यांना पटलं.

अशी तीन दिवस आमची पाळी चालली. जावयांच्या कंपनीत बदलते तशीच. मी अकराच्या सुमाराला पोचायचे, लेक चप्पल घालून तयार असायची. दारात पाच मिनिटं भेट, त्यात भात कुठं, गोळ्या कधी, कुशीवर कसं करायचं एवढं सांगून ती निघायची. एकटी कल्याणला जायची, मॅनेजरांकडून किल्ली घ्यायची, बाप बाहेर स्टुलावर बसायचा आणि ती झोपायची. साडेचारला परत दारात. पाच मिनिटांत मी काय काय केलं ते सांगायचे आणि निघायचे. माहेरी ती होती आणि सासरी मी. बोलणं काही झालंच नाही.

मी त्याआधी कधी एकटी गाडीने गेले नव्हते. पहिल्याच दिवशी चुकले. गाडी आली, डबा रिकामा दिसला, बसले. ती ठाकुर्लीला थांबली नाही, तेव्हाच ती जलद आहे हे कळायला हवं होतं. मला वाटलं, आज ठाकुर्लीला कोणी उतरणारं नसेल, आपल्या एसटीसारखं. ठाण्याला थांबली म्हणून जीवात जीव आला आणि मग भांडुप डोळ्यांसमोरून निघून गेलं. पाटी वाचता आली, एवढाच शिक्षणाचा उपयोग. घाटकोपरला उतरले, कोणाला विचारायची लाज वाटली, म्हणून एका बाईच्या मागोमाग जिना चढून पलीकडे गेले. त्या बाईलाही सुदैवाने तिकडेच जायचं होतं. भांडुपला उशिरा पोचले. विहीणबाईंनी विचारलं, तर म्हणाले, गाडी लेट होती.

विहीणबाईंचं करणं अवघड नव्हतं. गुरांचं केलेल्या माणसाला माणसाचं जड जात नाही. अंग पुसायचं, पायाला तेल लावायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. तोंड मात्र त्यांचं सारखं चालू. लेकीबद्दल मला जे विचारायचं होतं ते त्यांनीच न विचारता सांगून टाकलं. पोरीच्या हाताला चव आहे, पण मीठ विसरते. शेजारणीला उत्तर द्यायला शिकली आहे. नवऱ्याशी एकदा चार दिवस अबोला धरला होता, चूक नवऱ्याची होती. मग तेल लावता लावता म्हणाल्या, “रातीतनं चारदा उठती वो. मी हाक मारत न्हाई हां. मी नुस्ती कण्हते. ती उठती. मी कण्हायचं थांबवून बगितलं. तर न कण्हता उठती, का कण्हत न्हाई म्हणून बगायला.”

मी बाटलीतून आणखी तेल हातावर घेतलं. पायाला तेल लावत राहिले.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, दोन कप करा. मी म्हणाले, मला नको.

“ह्या तीन दिसांत तुमी माझं हागणं-मुतणं काढलं,” त्या म्हणाल्या. “अन् माझ्या घरचा घोटभर च्या चालत न्हाई.”

“तसं न्हाई. ह्यांचं व्रत हाय.”

“त्यांचं हाय ना? ते तर कल्याणला बसल्यात.” मग म्हणाल्या, “मला तिकडच्या कुशीवर करा. मला भिंतच दिसंल. काय केलं न् काय न्हाई, मला काय ठाव?”

मी त्यांना कुशीवर केलं, पाठीला उशी लावली. त्यांना बशीतून चहा पाजला. मग उरलेला दुसऱ्या कपात ओतला आणि जमिनीवर बसून प्यायले. मीठ विसरणाऱ्या लेकीने साखर चांगली भरून ठेवली होती. विहीणबाई भिंतीकडे बघत होत्या. कप धुऊन पालथा घातल्याचा आवाज झाल्यावर म्हणाल्या, आता इकडं करा.

साडेचारला लेक आली. मी पिशवी उचलली. ती माझ्याबरोबर चाळीच्या पायऱ्यांपर्यंत आली.

“आई, तुला काय तरी विचारायचं व्हतं ना?”

“तुला कसं कळलं?”

“गाडीत दोनदा घसा साफ केलास. मी जागी व्हते.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तू विचारलं असतंस तर मी रडले असते,” ती म्हणाली. “मग झोप न्हाई झाली असती.”

“आन् आता?”

तिने विचार केला. “आता झोप झालीय,” ती म्हणाली. “आता विचार.”

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काळं थोडं उतरलं होतं. केस तिने स्वतःच विंचरले होते आणि वेणी वाकडी आली होती. मी म्हणाले, रात्री विहीणबाईंच्या पाठीला उशी लावून ठेवत जा, म्हणजे दोन वेळा उठलीस तरी चालेल. आणि मिठाचं बघ.

ती हसली. खालून गाडीचा आवाज आला, म्हणून मी निघाले. त्यानंतरच्या पत्रात ‘मी मजेत आहे’ हे वाक्य नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, आता रात्री दोनदाच उठते.

पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. आम्ही बारशानंतर भांडुपला गेलो, ह्या वेळी थेट. ह्यांनी पाणी प्यायचा मोठा सोहळा केला. टोपी सारखी केली, पूर्वेकडे तोंड केलं. विहीणबाई तोपर्यंत काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. त्यांनी स्वतः दोन पेले आणले. एक ह्यांना दिला, दुसरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “विहीणबाई, पहिल्यांदाच आमच्याकडचं काही घेताय. बेतानं घ्या.”

मी भिंतीकडे बघितलं आणि पेला घेतला.

हे पाणी पिऊन म्हणाले, स्टेशनवरच्यासारखंच लागतंय.